झाकली मूठ आणि वहीचं मागचं पान



मागच्या व्हिडिओत आपण भागीदारीचा करार कसा करायचा ते बघितलं. भांडवल कोणाचं किती, नफा कसा वाटायचा, बँकेत सही कोणाची, एक जण बाहेर पडला तर काय करायचं. हे सगळं कागदावर आणता येतं. आज ज्याबद्दल लिहितोय ते सहसा कोणत्याच करारात नसतं. आणि माझ्याकडे येणाऱ्या मित्रामित्रांच्या भागीदाऱ्या बघून सांगतो, फसवाफसवीने मोडलेल्या त्यात कमी असतात. एकमेकांना जपता जपता मोडलेल्या जास्त असतात.

विचित्र वाटतंय ना? मग स्वतःपुरतं तपासून बघा. ज्या मित्राबरोबर तुम्ही धंदा काढायचं ठरवताय, त्याला तुमच्या घराचा हप्ता किती आहे हे माहीत आहे का? त्याच्या वडिलांच्या औषधांना महिन्याला किती लागतात हे तुम्हाला माहीत आहे का? शाळेपासूनची ओळख, रोज टपरीवर सोबत चहा, एकमेकांच्या घरी येणं-जाणं. पण "काय रे, कसं चाललंय?" याचं उत्तर गेली दहा वर्षं एकच आहे. "एकदम मस्त! तुझं?"

आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. गावात, भावकीत, बाजारात ते बरोबरही आहे. उधारीवर माल देणाऱ्या व्यापाऱ्यासमोर रोज रडगाणं गायलं, तर तो उद्यापासून रोख मागेल. म्हणून मूठ झाकायची सवय आपल्याला लागते आणि ती धंद्यात उपयोगी पडते. अडचण एवढीच की तीच सवय आपण भागीदारासमोरही सोडत नाही. त्याची किंमत किती पडते ते आकड्यांसकट सांगतो.

कढईवाली आणि वहीवाली

दोन मैत्रिणी. लहानपणी एका आळीत वाढल्या, लग्न होऊन योगायोगाने एकाच गावात आल्या. दिवाळीचा फराळ करून विकायचा त्यांचा व्यवसाय. दोघींच्या परवानगीने लिहितोय, ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि नावंही देत नाही. एकीला कढईवाली म्हणू, दुसरीला वहीवाली. कढईवालीच्या हाताला चव, भाजणीपासून अनारशापर्यंत सगळं तिच्या देखरेखीखाली. वहीवाली ऑर्डरी घ्यायची, माल आणायची, पैसे वसूल करायची आणि हिशेब लिहायची. नफा निम्मा-निम्मा. करार तोंडी.

पहिली दोन-तीन वर्षं सोसायट्या आणि ओळखीपाळखीच्या जोरावर गेली. मग एका कंपनीची ऑर्डर मिळाली. कामगारांना द्यायचे फराळाचे ३०० डबे, प्रत्येकी दीड किलो, भाव ५५० रुपये. म्हणजे १,६५,००० रुपयांचं काम. ४०,००० ॲडव्हान्स आणि बाकीचे १,२५,००० महिन्याभरात, असं ठरलं. पंधरा दिवसांत ४५० किलो फराळ दोघींनी काढून दिला. रोजचा तीस किलो. ज्यांनी कधी घरी चार किलो चकल्या केल्यात, त्यांना याचा अंदाज येईल.

डबे वेळेवर गेले. पैसे आले नाहीत. "अकाउंट्सचे साहेब रजेवर आहेत", "बिलात दुरुस्ती करून आणा", "पुढच्या सोमवारी". हे तुम्हा सगळ्यांच्या परिचयाचं आहे.

इकडे तेल-बेसनवाला, डबे पुरवणारा आणि मदतीच्या बायका, सगळ्यांचे पैसे दिवाळीनंतर लगेच द्यायचे होते. वहीवालीने काय केलं? चार पाटल्या सराफी कर्जाला ठेवल्या आणि १,२५,००० उचलले. योगायोग बघा, रक्कमसुद्धा सव्वा लाखच! व्याज महिन्याला एक टक्का. आणि वहीत लिहिलं, "कंपनीकडून जमा, १,२५,०००."

खोटी नोंद. पण तिचं कारण ऐका. कढईवालीच्या नवऱ्याची नोकरी त्याच महिन्यात सुटली होती. "तिच्या घरात आधीच काळजी, त्यात आपण हे कुठे सांगायचं? पैसे तर येणारच आहेत," असा तिचा विचार.

आता दुसरी बाजू. चकलीचा सोऱ्या दाबून दाबून कढईवालीचा उजवा खांदा त्या पंधरा दिवसांत पूर्ण गेला होता. हात डोक्याच्या वर जात नव्हता. तिने नणंदेला बोलावलं, "मदतीला आलीये" असं सांगितलं आणि रोजचे ४०० रुपये स्वतःच्या पर्समधून दिले. पंधरा दिवसांचे ६,०००. वहीवालीला हे कळू दिलं नाही, कारण "एवढी मोठी ऑर्डर तिने धावपळ करून आणली, आणि माझाच हात चालत नाही म्हणून सांगू?"

दोघी दिवसाला आठ-आठ तास एका कढईच्या दोन बाजूंना बसायच्या. मुलांच्या शाळा, सासूबाई, मालिका, सगळ्या विषयांवर गप्पा. या दोन गोष्टी सोडून.

वहीत दिसणारा नफा

आता इथे जरा थांबा आणि वही-पेन घ्या. मैत्रीची गोष्ट कॉस्टिंगमध्ये कशी घुसते ते इथे दिसतं.

वहीप्रमाणे खर्च १,३१,०००. विक्री १,६५,०००. नफा ३४,०००, दोघींनी १७,००० प्रमाणे वाटून घेतला. म्हणजे एका डब्याचा खर्च साधारण ४३७ रुपये आणि सुटले ११३. झकास धंदा!

खरी परिस्थिती अशी. कंपनीने पहिला हप्ता दिला तो दहा महिन्यांनी, पुढच्या सप्टेंबरात, आणि तोही फक्त ६०,०००. तोपर्यंत सराफी कर्जाचं व्याज झालं १२,५००. नणंदेची मजुरी ६,०००. हे दोन्ही मिळून १८,५०० रुपये वहीत कुठेच नव्हते. ते धरले तर नफा उरतो १५,५०० आणि एका डब्याचा खरा खर्च होतो जवळजवळ ४९८ रुपये. शिवाय जो नफा दोघींनी नोव्हेंबरात वाटून घेतला, तो कंपनीचा पैसाच नव्हता. त्या वहीवालीच्या पाटल्या होत्या. त्यातले निम्मे तिने स्वतः घेतले आणि निम्मे मैत्रिणीला दिले. तिच्या वाट्याच्या १७,०००मधून साडेबारा हजार व्याजातच गेले.

पुढच्या वर्षी दुसरी कंपनी आली. ७०० डबे, पण भाव ५०० रुपये, आणि निम्मे पैसे आगाऊ. वहीप्रमाणे बघितलं तर डब्यामागे ६३ रुपये सुटतात. खऱ्या हिशेबाने बघितलं तर, भाव गेल्या वर्षीचेच धरूनसुद्धा, दोन रुपयेही सुटत नाहीत. ७०० डब्यांमागे हजार-बाराशे रुपये!

तुम्ही म्हणाल, वहीवालीला तर खरा आकडा माहीत होता, मग ऑर्डर का घेतली? तिला व्याज माहीत होतं, नणंदेची मजुरी माहीत नव्हती. आणि तिला ते १,७५,००० आगाऊ हवेच होते. दिवाळीत पाटल्या अंगावर दिसल्या नाहीत तर सासूबाई विचारणार. मग तिने कढईवालीला विचारलं, "जमेल ना गं? दुप्पट आहे." कढईवाली म्हणाली, "का नाही जमणार?" खांदा अजून दुखतच होता.

मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे एक मिनिटाचं बोलणं. एकीने कर्ज लपवलं होतं म्हणून विचारलं आणि दुसरीने दुखणं लपवलं होतं म्हणून हो म्हटलं. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटेल, किती उत्साही भागीदार!

पुढचं थोडक्यात सांगतो. १,७५,०००मधले ६५,००० पाटल्या सोडवायला गेले. हातात राहिलेल्या पैशांत सगळं सामान एकदम येईना. किराणावाल्याची जुनी उधारी तटलेली, त्यामुळे चार दिवस उशिराने काम सुरू झालं. अठरा दिवसांत करायचा १,०५० किलो माल चौदा दिवसांवर आला. रोजचा ७५ किलो, तोही एका हाताने. ४८० डबे वेळेत गेले. उरलेले २२० कंपनीने घेतले नाहीत, दिवाळी सुरू झाल्यावर त्यांना त्याचं काय करायचं! १,१०,००० रुपयांचं काम गेलं, केलेला माल पडेल त्या भावाने विकावा लागला.

दिवाळीनंतर दोघींचे मला वेगवेगळे फोन आले, चार दिवसांच्या अंतराने. दोघींनी आपापली बाजू सांगितली आणि फोन ठेवताना दोघी तेच वाक्य बोलल्या. "सर, तिला कळू देऊ नका."

एक पान, न बोलता

मी त्यांना एकत्र बोलावलं, पण बोलायला सांगितलं नाही. तीस वर्षं जे तोंडातून निघालं नाही ते माझ्यासमोर कसं निघेल? दोघींना एकेक कोरा कागद दिला. वर लिहायला सांगितलं, "धंद्यासाठी माझ्याकडून गेलेलं, पण वहीत नसलेलं." खाली फक्त गोष्ट आणि आकडा. कारण लिहायचं नाही, समजावून सांगायचं नाही.

मग कागदांची अदलाबदल केली. कढईवालीने वाचलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "चारही?"

वहीवालीने कागद खाली ठेवला आणि तिचा हात हातात घेऊन विचारलं, "वर जातो का गं आता?"

बघा, दोघींपैकी कोणीही "मला आधी का नाही सांगितलंस?" असं विचारलं नाही. हे फार चांगलं झालं. हा प्रश्न आपल्याला प्रेमाचा वाटतो, पण ऐकणाऱ्याला तो आरोप वाटतो. लगेच दुसरा सफाई द्यायला लागतो आणि मूळ विषय राहून जातो. तुमच्या मित्राने कधी काही उघड केलंच, तर पहिल्या पाच मिनिटांत हा प्रश्न विचारू नका. सल्लाही देऊ नका. "किती राहिलेत अजून?" किंवा "आता काय लागेल?" एवढं पुरतं.

कायदा मैत्रीपेक्षा स्पष्ट बोलतो

भागीदारी तोंडी असली तरी भारतीय भागीदारी कायदा, १९३२ तिला लागू होतो. अनेकांना वाटतं, कागद नाही म्हणजे कायदा नाही. तसं नाही. या कायद्याचं कलम ९ सांगतं की भागीदारांनी एकमेकांशी प्रामाणिकपणे वागायचं आणि व्यवसायावर परिणाम करणाऱ्या सगळ्या गोष्टींचा खरा हिशेब व पूर्ण माहिती एकमेकांना द्यायची. म्हणजे पाटल्या गहाण ठेवून पैसे धंद्यात घातले, हे सांगणं वहीवालीच्या मनाच्या मोठेपणावर सोडलेलं नाही, ती तिची जबाबदारी आहे. आणि कलम १२ प्रमाणे वही बघण्याचा, तिची नक्कल घेण्याचा हक्क कढईवालीलाही आहेच. तिने चार वर्षांत एकदाही वही उघडली नव्हती. "तिच्यावर विश्वास आहे ना," म्हणून.

त्याच कायद्यात एक तरतूद आहे जी मला फार आवडते, कारण ती लपवणाऱ्याच्या बाजूने आहे. कलम १३. ठरलेल्या भांडवलापेक्षा जास्त पैसे एखाद्या भागीदाराने धंद्यासाठी घातले, तर करारात वेगळं काही ठरलेलं नसल्यास त्यावर वर्षाला ६ टक्के व्याज मिळण्याचा त्याला हक्क आहे. वहीवालीने "कंपनीकडून जमा" ऐवजी "माझ्याकडून उसने" असं लिहिलं असतं, तर दहा महिन्यांचे ६,२५० रुपये व्यवसायाने तिला देणं लागलं असतं. दोघींनी बसून पूर्ण १२,५०० व्यवसायावर टाकायचं ठरवलं असतं तरी चाललं असतं. त्यासाठी फक्त दोन शब्द वेगळे लिहायचे होते.

आणि कलम २५. व्यवसायाच्या देण्यांना प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि एकेकटाही जबाबदार असतो. किराणावाल्याने ठरवलं तर त्याची सगळी उधारी तो कढईवालीकडून एकटीकडून मागू शकतो. म्हणजे जिला काळजी नको म्हणून काही सांगितलं नाही, तिच्यावर ते देणं आधीपासूनच होतं. फक्त तिला माहीत नव्हतं.

अडकलेल्या पेमेंटचंही सांगून टाकतो, कारण सगळ्याची सुरुवात तिथून झाली. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून तुमची उद्यम नोंदणी असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे खरेदीदाराने लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत आणि ठरलेली असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं आणि तक्रार सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येते. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे. पण ती माल देण्याआधी झालेली पाहिजे. नंतर करून जुन्या बिलाला तिचा आधार मिळत नाही. या दोघींची नोंदणी नव्हती. वहीवालीने ही गोष्ट डिसेंबरातच कोणाजवळ बोलली असती, तर निदान पुढच्या ऑर्डरीआधी तरी नोंदणी झाली असती. एकटं काळजी करणारा माणूस व्याज मोजत बसतो, त्याला पोर्टल सुचत नाही.

"पण सर, सगळंच सांगत बसायचं का?"

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. नाही, सगळं नाही. यासाठी मी ज्या दोन भागीदारांचं उदाहरण देतो, त्यांच्या नावाची गाडी तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या दारात उभी असेल. होंडा.

कंपनी सोइचिरो होंडा यांनी १९४८ मध्ये जपानमध्ये सुरू केली. १९४९ मध्ये ताकेओ फुजिसावा त्यांना येऊन मिळाले. होंडा म्हणजे इंजिन, तेलाचे हात, कारखाना. फुजिसावा म्हणजे विक्री, पैसा, बँक. दोन्ही माणसं स्वभावाने टोकाची वेगळी. होंडांनी आपला शिक्का फुजिसावांच्या ताब्यात देऊन टाकला होता. जपानमध्ये शिक्का म्हणजे आपल्याकडची सही.

प्रेरणादायी भाषणांमध्ये ही शिक्क्याची गोष्ट "बघा, आंधळा विश्वास!" म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. त्यात आंधळं काही नव्हतं. कोणतं ओझं कोणाचं हे दोघांनी पहिल्यापासून वाटून घेतलं होतं. १९५४ मध्ये ते कामाला आलं. आधी परदेशातून सुमारे ४५ कोटी येनची यंत्रं मागवून ठेवलेली. त्यात नवीन ज्युनो स्कूटर फसली, दुसऱ्या मॉडेलबद्दल तक्रारी यायला लागल्या, सायकलला लावायच्या इंजिनाची विक्री घसरली. कंपनी बुडण्याच्या बेतात. त्याच वर्षी होंडांनी जाहीर केलं होतं की आपण 'आइल ऑफ मॅन'च्या जगप्रसिद्ध मोटारसायकल शर्यतीत उतरणार, आणि जूनमध्ये ते ती शर्यत बघायला युरोपात गेले. तिथे त्यांना दिसलं की युरोपियन गाड्यांची ताकद आपल्या इंजिनांच्या कितीतरी पट आहे. इकडे फुजिसावा पुरवठादारांकडून मुदत मागत होते, बँकेला मदतीसाठी राजी करत होते. एक जण तिकडे इंजिनाच्या काळजीत, दुसरा इकडे पैशाच्या.

दोघांपैकी कोणाच्या मनात त्या महिन्यात काय चाललं होतं, ते दुसऱ्याला शब्दाशब्दाने कळलं असेल असं मला वाटत नाही. पण कोणती काळजी कोणाच्या टेबलावर आहे याबद्दल घोळ नव्हता. कंपनी वाचली. १९५९ मध्ये ते त्या शर्यतीत उतरले, १९६१ मध्ये जिंकले. आणि १९७३ मध्ये दोघे एकाच वेळी निवृत्त झाले.

तेव्हा तुमचं नवऱ्याशी काय भांडण झालं, रात्री झोप का लागत नाही, हे भागीदाराला सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मैत्रीत काही गोष्टी झाकलेल्या राहू शकतात. पण ज्या गोष्टीमुळे तुमचे पैसे, तुमचे हात किंवा तुमचा वेळ धंद्याला कमी पडणार आहे, ती गोष्ट खासगी राहिलेली नाही. खांदा दुखतो हे दुखणं कढईवालीचं, पण रोजचे ७५ किलो काढता येणार नाहीत ही माहिती दोघींची.

आणि हो, शिक्क्याची गोष्ट ऐकून कोऱ्या चेकवर सह्या करून मित्राकडे देऊ नका. ओटीपी सांगून मोकळे होऊ नका. होंडा-फुजिसावा होण्याआधी बँकेत जाऊन खात्याचे मेसेज दोघांनाही कसे मिळतील ते विचारून घ्या.

मागचं पान

त्या दिवशी कागदावर जे केलं तेच आम्ही पुढे कायमचं केलं. वहीच्या शेवटच्या पानाला नाव दिलं, मागचं पान. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, काम बंद असताना दोघींनी ते उघडायचं. कढईसमोर नाही, हातात पीठ असताना नाही, नवरे-मुलं आजूबाजूला असताना नाही. दोन रकाने, दोन नावं. या महिन्यात धंद्यासाठी मी स्वतःचं काय घातलं, पैसे असो की माणूस असो. पुढच्या महिन्यात मला काय जमणार नाही. बस. "काही नाही" असेल तर "काही नाही" असं लिहून सही करायची, पान कोरं सोडायचं नाही. कोऱ्या पानामागे लपता येतं, "काही नाही" लिहून सही करताना हात अडखळतो.

किंमत ठरवायच्या आधी आणि मोठ्या ऑर्डरीला हो म्हणायच्या आधी हे पान वाचायचं, मगच आकडा बोलायचा. ऑर्डर देणाऱ्याला "उद्या सकाळी सांगते" म्हटलं तर तो पळून जात नाही. आणि गेलाच, तर दोन रुपये मार्जिनची ऑर्डर गेली म्हणून दुःख कशाला?

काही जणांचा भागीदार असं पान लिहायला तयारच होणार नाही. "आपल्यात काय हिशेब!" म्हणेल. अशा वेळी त्याला आग्रह करू नका, तुमचा रकाना तुम्ही भरायला सुरुवात करा आणि वही त्याच्यासमोर उघडी ठेवा. तीन-चार महिने एकटे लिहा. माझ्या पाहण्यात बहुतेक जण तिसऱ्या महिन्यात पेन हातात घेतात. जो सहा महिन्यांनीही घेत नाही, त्याच्याबरोबर चहा प्या, ट्रेकला जा, धंद्यात मात्र नवीन कर्जावर सही करू नका. जामीन तर अजिबात राहू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. "नावापुरता जामीन" असा काही प्रकार कायद्यात नाही.

आणि एखाद्या महिन्यात पान उघडल्यावर समोरच्याच्या लिहिण्यात किंवा बोलण्यात "आता सगळं संपलं", "मी नसलो तरी चालेल" असं काही आलं, तर हिशेब तिथेच बंद करा. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांपैकी कोणाला तरी सांगा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. सोबत बसून तुम्ही फोन लावून दिलात तरी चालेल.

फराळवाल्या मैत्रिणींनी यंदा पुन्हा ३०० डबेच घेतले, भाव ६२० रुपये सांगितला आणि निम्मे आगाऊ मागितले. एका कंपनीने नाही म्हटलं, दुसरीने हो म्हटलं. उद्यम नोंदणी झाली, करारही लेखी झाला. चकली दाबायला आता मशिन आहे. मधे मी गेलो तेव्हा कढईवालीने मागचं पान दाखवलं. तिच्या रकान्यात होतं, "नणंद, १५ दिवस, रोज ४५०, धंद्यातून." वहीवालीच्या रकान्यात, "धाकटीची दहावी. फेब्रुवारी-मार्च संध्याकाळी येणार नाही." त्याच्याखाली कढईवालीच्या अक्षरात, "मी बघते वसुलीचं. फोन नंबर दे त्या साहेबांचा."